कारल्याचं गाऱ्हाणं

सिंगापूर, रविवार, १० जुलै २०१६

बाबा,

वर 'तीर्थरूप' लिहायचं असतं हे मला ठाऊक आहे. पण तो शब्द लिहिला की पुढचं काही सुचत नाही, म्हणून नुसतं बाबा.

आईशी फोनवर बोलतो तेव्हा मागे तुमचा खोकला ऐकू येतो. "बाबा खंय?" विचारलं की आई म्हणते, "हे भायर गेलेत." बाहेर गेलेला माणूस माजघरात कसा खोकेल? फोन घ्यायचा नाही हे तुम्ही ठरवलंत. पोस्टमनने आणलेलं पाकीट घ्यायचं नाही असं अजून ठरवलं नसेल, त्या भरवशावर लिहितोय.

काम ठीक आहे. तुआसच्या बाजूला यार्डात जहाजं पाण्याबाहेर काढतात. त्यांच्या पोटाला चिकटलेली कालवं खरवडून आम्ही लाल रंग मारतो. आपल्या होडीला मारायचो तसाच, फक्त ही होडी आपल्या देवळाहून उंच.

पण माझा जीव था‍ऱ्यावर नाही तो कामामुळे नाही, फोनमुळे.

इथे क्वीन्सटाउनच्या आसपास जी मराठी माणसं राहतात त्यांचा फेसबुकवर एक ग्रुप आहे. 'मराठी कट्टा' नाव. समजा, आपल्या देवळापुढच्या पारावर गावभरची माणसं बसलीत, पण कोणाला कोणाचं तोंड दिसत नाही. कोणाला नवीन विषय काढायचा असला की तो आधी माझ्याकडे येतो. मी हो म्हटलं तर सगळ्यांना दिसतो, नाही म्हटलं तर तिथेच मरतो. मात्र एकदा विषय निघाला की त्याच्याखाली कोणीही काहीही लिहितं, ते थेट उमटतं. भांडणं तिथे होतात. ती मी खोडतो. याला मॉडरेटर म्हणतात. पगार नाही.

तुम्ही म्हणाल, ह्या नववी नापासाला हे कोणी सांगितलं? गेल्या गणपतीत मी त्यांच्या हॉलमध्ये दिव्यांच्या माळा चढवल्या होत्या. तेव्हा मंडळी ग्रुपवर एकमेकांचे गळे धरत होती, मोदक उकडीचे की तळणीचे यावरून. संजीवनी ताई म्हणून एक आहे, ग्रुप तिने काढला. तांजोंग पगारला मोठ्या ऑफिसात माणसं नेमते आणि काढते. ती मला म्हणाली, "राम, तू पुण्याचा नाहीस, मुंबईचा नाहीस, कोणाच्या ऑफिसात नाहीस, कोणाच्या काँडोत नाहीस. तुझं कोणाशी काही नाही. तूच हवास."

"ताई, मला शुद्ध लिहिता येत नाही."

"लिहायचं नाहीच आहे रे. खोडायचं आहे."

इथे मला सगळे राम म्हणतात. श्रीराम म्हणणारं कोणी नाही.

तर झालं असं. मागच्या रविवारी ग्रुपची सहल पुलाउ उबीनला गेली. छोटं बेट आहे, लाकडी होडीने जायचं आणि सायकली फिरवायच्या. दहा मिनिटांच्या पाण्यात इंजिनीअर लोक होडीची कड घट्ट धरून असे बसले होते की मला तुमची आठवण आली, तुम्ही हसला असतात. जेवण स्वप्नाली वहिनीचं होतं. परेश दादाची बायको. दादा वेंगुर्ल्याचा, जहाजावर सेकंड इंजिनीअर. त्याचं जहाज आमच्या यार्डात आलं होतं, तेव्हा माझ्या बोलण्यावरून त्याने मला हेरलं आणि म्हणाला, "रविवारी घरी जा, तुका आपला जेवण मिळात." तेव्हापासून वहिनी आम्हा यार्डातल्या पोरांना रविवारचा डबा देते, आणखी काही घरांनाही देते. उबीनला तिने वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ आणली. लोक बोटं चाटत होते. "स्वप्नाली, तू अन्नपूर्णा आहेस," असं म्हणून कोणी तिचा फोटो ग्रुपवर टाकला. मीच हो म्हटलं त्याला.

सगळे सायकलवर गेले तेव्हा सामान राखायला मी जेट्टीवर बसलो. कुमुद ताईपण बसली, हेमचंद्र सरांची बायको. मला विचारते, "किती शिकलास रे?"

"नववी."

"मी एम.एस्सी. पुण्यात कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होते." मग हसली. "तुला निदान काम करायचा पास आहे. माझ्या पासवर एवढंच लिहिलंय की मी हेमचंद्रची बायको. कामासाठी अर्ज केले, नाही म्हणाले. मग नियमाने घरी बसले."

मी पाण्याची बाटली पुढे केली.

आणि या आठवड्यात त्या फोटोखाली एक माणूस उगवला. नाव 'कडू कारलं'. तोंडाच्या जागी कारल्याचा फोटो. त्याने लिहिलं, "जेवण छान दिसतंय. नवऱ्याच्या पासवर राहून असा धंदा करायला परवानगी असते का? फक्त विचारतोय."

शिवी नाही, काही नाही. काय म्हणून खोडू? ठेवलं. तासाभरात त्याच्यावर लाइकचे अंगठे चढायला लागले. जे उबीनला बोटं चाटत होते त्यांचेच.

वहिनी तशाच पासवर आहे, म्हणजे नवऱ्याबरोबर राहायचा सरकारी परवाना, कमवायचा नाही. कोणी सरकारात कळवलं तर पास जाईल म्हणतात. वल्लरी, तिची मुलगी, इथल्या शाळेत पहिलीत आहे. मराठीत विचारलेलं सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. तिला उचलून वेंगुर्ल्याला न्यावं लागेल, आणि दादा तिकडे पाण्यावर.

आईला काही सांगू नका. म्हणजे तुम्ही तिच्याशी तरी बोलत असाल तर.

श्रीराम


रविवार, २४ जुलै

बाबा,

माझ्या हातून चूक झाली.

कारल्याला मी ग्रुपबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी 'कारल्याचा भाऊ' आला. त्याला काढलं तर 'कारल्याची मावशी'. हे लोक नवीन नाव घेऊन परत येतात, माशी हाकलावी तसं. आणि बोलणं इतकं गोड की संजीवनी ताईसुद्धा म्हणाली, "राम, नियमाबाहेर काय लिहिलंय त्याने? उगाच काढलंस तर म्हणतील, तुम्ही तोंडं दाबता."

मग त्या मावशीने लिहिलं, "घरच्या घरी केलेलं खाऊन कोणाचं पोट बिघडलं तर जबाबदार कोण?"

माझं डोकं फिरलं. मी जहाजाच्या बाजूला दोरांनी टांगलेल्या पाळण्यात उभा होतो, एका हातात ब्रश. दुसऱ्या हाताने लिहिलं. काय लिहिलं ते ऐका: "मी स्वतः दर रविवारी वहिनींच्या घरून आठ डबे नेतो. पैसे मोजून देतो. एकदाही कोणाचं पोट बिघडलं नाही. ज्याला शंका आहे त्याने माझ्याशी बोलावं."

मला वाटलं, गप्प केलं साल्याला.

जेवणाच्या सुट्टीत संजीवनी ताईचा फोन. "अरे राम! तो पुरावा शोधत होता. तू दिलास. स्वतःच्या नावाने, डबे मोजून!"

तेव्हा मला कळलं. खोडून टाकलं, पण इथे खोडलेलं मरत नाही. लोक आधीच फोटो काढून ठेवतात. मावशीने तो फोटो डकवला आणि खाली लिहिलं, "राम भाऊंचे आभार. प्रामाणिक माणूस." त्यावर अंगठ्यांचा पाऊस. वहिनीच्या बाजूने बोलणारे चारदोन होते, तेही गप्प झाले.

लाइक म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. तुम्ही जत्रेला देवळात गाऱ्हाणं घालता, गावाचं सुखदुःख देवापुढे ओरडून सांगता, तुम्ही थांबलात की मागची मंडळी म्हणतात, "होय म्हाराजा!" कोणी विचार करून म्हणत नाही. सगळे म्हणतात म्हणून म्हणतात. लाइक तसाच.

तीन वर्षांमागच्या जत्रेत मी तुमच्या मागे उभा होतो. आठ दिवसांनी माझं विमान होतं. पुढच्या वर्षापासून गाऱ्हाण्याचा मान मी घ्यावा म्हणून तुम्ही लहानपणापासून मला मागे उभं केलंत, आणि मी निघालो होतो जहाजं रंगवायला. राग येणारच. पण तुम्ही तो घरात काढला नाहीत. देवापुढे काढलात. "आणि जो माझो झील ह्यो गाव सोडून जाता, त्येका परतीची वाट गावू नये, रे म्हाराजा!"

मला परत यायची वाट सापडू नये, आणि त्याला सगळा गाव म्हणाला, होय म्हाराजा.

मोहन काका म्हणाला, ज्याने मला पोहायला शिकवलं. शाळेतले मास्तर म्हणाले. बाबा, तुमचं बोलणं मी एखाद वेळी विसरेन. तो 'होय' नाही विसरता येत.

म्हणून त्या अंगठ्यांकडे बघवत नाही मला.

तुमचा मुलगा, अजून तरी


रविवार, ७ ऑगस्ट

बाबा,

आज डबा आणायला गेलो नाही. वहिनीने येऊ नको म्हणून सांगितलंय. यार्डाच्या डॉर्मिटरीत बसून लिहितोय, पोरं हॉकर सेंटरवर, म्हणजे स्वस्त खाण्याच्या टपऱ्यांवर, जेवायला गेलीत. मला भूक नाही.

गुरुवारी कोणीतरी ग्रुपवर नॅशनल डेची सुट्टी कशी घालवायची म्हणून विचारलं होतं. साधा विषय. त्याच्याखाली एक फोटो आला. वहिनीच्या फ्लॅटचं दार. दाराशी वल्लरीची गुलाबी सायकल. सायकलीशेजारी यार्डातले जाड बूट, त्यांच्यावर लाल रंगाचे ओघळ.

फोटोखाली: "नवरा समुद्रावर. दारात हे बूट कोणाचे? फक्त विचारतोय."

बूट माझे.

मी वर पाळण्यात होतो, फोन खिशात थरथरत होता. मला वाटलं, नेहमीचंच. खाली येऊन बघेपर्यंत सगळ्यांनी बघितलं होतं. कोणीतरी हसायचं तोंड टाकलं होतं. कोणीतरी लिहिलं होतं, "राम भाऊ डबे मोजता मोजता..." पुढचं लिहीत नाही. खोडताना बोट आधी भलतीकडेच लागलं.

तुम्हाला सांगतो, तुम्ही माना नाहीतर नका मानू. मी वहिनीच्या घरात कधी जात नाही. दारातून डबे घेतो आणि निघतो. बूट काढायला आणि बांधायला वेळ लागतो म्हणून काढतसुद्धा नाही. एकदाच काढले. जूनमध्ये तिच्या स्वयंपाकघरातलं सिंक तुंबलं होतं, खालून गळत होतं, डब्याची भांडी बादलीत धुवत होती ती. मी म्हटलं, थांबा वहिनी, आणि सिंकखाली शिरलो. वल्लरी दारात माझ्या बुटांत पाय घालून उभी, "अंकल, युअर बूट्स सो बिग लाह!" एवढंच झालं. पाइप काढून साफ केला, हात धुतले, डबे घेतले, आलो.

वहिनीचा फोन संध्याकाळी आला. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "भावजी, डबे मी बंद केले. तुम्ही आता येऊ नका. लोक बघतात."

"वहिनी, दादाला..."

"त्यांचं जहाज ब्राझीलकडे चाललंय. नेट लागेल तेव्हा लागेल. मी लिहिलंय." मग म्हणाली, "माझ्या आधी कोणी फोटो पाठवला असेल तर माहीत नाही."

तेच ते. ग्रुपात दादाच्या कंपनीतले दोघे आहेत. माणूस आठ महिने पाण्यावर असतो, बाबा. तुम्ही दोन रात्री पाण्यावर असलात तरी घरी आल्यावर आईला दहा गोष्टी विचारायचात. तिथे रिकाम्या केबिनमध्ये तो फोटो उघडला तर माणूस काय काय मनात आणेल?

मी दादाला तीनदा लिहायला घेतलं. तीनदा पुसलं. "दादा, ते बूट माझे आहेत पण" असं कसं लिहायचं? 'पण' लिहिलं की पुढे काहीही लिहा, खोटंच वाटतं.

यार्डात बूट बदलून मागितले. सुपरवायझर म्हणाला, "फाटलेत का? नाही ना. मग?"

श्रीराम


रविवार, २१ ऑगस्ट

बाबा,

मला कारलं सापडलं. कोणाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही कोणाशी बोलणार नाही.

सिंकखाली होतो तेव्हा बेल वाजली होती. माझं डोकं कपाटात, पण आवाज ऐकू येत होते. वहिनी म्हणाली, "अगं, ये ना आत!" बाहेरून आवाज आला, "नको, घाईत आहे. तुझा डबा द्यायला आले. रिकामा कसा देऊ, साखर घातलीय." मग वहिनी डबा घेऊन आत आली आणि साखर बरणीत ओतली.

तो आवाज कुमुद ताईचा होता. माझे बूट त्या दारात त्याच दिवशी, तेवढाच वेळ होते.

हे मला इतके दिवस आठवत नव्हतं आणि शुक्रवारी जेवताना एकदम आठवलं. आधी वाटलं, छे. दुसऱ्याचा डबा रिकामा परत न देणारी बाई असं करेल? मग उबीनची जेट्टी आठवली. तिच्यासारखा पास असलेली दुसरी बाई कढईत वडे सोडते, पैसे कमावते, सगळे तिला अन्नपूर्णा म्हणतात. आणि ही सगळे नियम पाळून घरात बसलीय, हिला कोणी काहीच म्हणत नाही.

तरी खात्री नव्हती. ती आज झाली. क्वीन्सटाउनच्या स्टेशनवर ती समोरून आली, भाजीच्या पिशव्या घेऊन. ओळखीचं माणूस दिसलं की आपण तोंडाकडे बघतो. तिने माझ्या पायांकडे बघितलं.

मी तेच बूट घातले होते.

"डबा न्यायला आलास?" तिने विचारलं.

"नाही ताई. वहिनीने डबे बंद केले."

"हो का." पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "बरंच झालं. नियम असतात ना प्रत्येक देशाचे."

"हो ताई."

"परेशचं काही कळलं?"

"अजून नाही."

तिचे डोळे भरले, बाबा. खरंच भरले. मला तिथल्या तिथे ओरडायचं होतं, आणि ती डोळे पुसायला हात मोकळा नाही म्हणून दंडावर गाल घासत होती. मी तिच्या पिशव्या जिन्यापर्यंत नेऊन दिल्या. का दिल्या ते मलाही माहीत नाही.

मग फोनवर संजीवनी ताईला माझ्या आवाजावरून वास लागला. "तुला कळलंय कोण आहे ते. नाव सांग. मी तिला, त्याला, जे कोण असेल त्याला असं हाकलते की सिंगापुरात कुठल्या मराठी घरात पाणी मिळणार नाही."

ती हे करेल. तिला माणसं काढता येतात.

मी म्हटलं, "खात्री झाली की सांगतो." खात्री झालेली होती.

सांगायचं की नाही? नाव घेतलं तर वहिनीचं नाव धुऊन निघेल, माझंही. मग मी का थांबलोय? परतताना बसमध्ये हाच विचार करत बसलो आणि उतरायचं ठिकाण आलं. दादाचं अजून काही नाही. वहिनी फोन घेत नाही. हल्ली फोन न घेणाऱ्यांचीच मला सवय झालीय.

श्रीराम


रविवार, ११ सप्टेंबर

बाबा,

आज मी गाऱ्हाणं घातलं. तुम्हाला न विचारता. आधी ऐका, मग रागवा.

ग्रुपचा गणपती हेमचंद्र सरांच्या काँडोच्या, म्हणजे त्यांच्या महागड्या सोसायटीच्या, हॉलमध्ये बसवला होता. मी सकाळपासून माळा चढवत होतो. सगळे आले. मला बघून बायका जरा बाजूला होऊन कुजबुजत होत्या. कुमुद ताई प्रसादाच्या टेबलामागे उभी, घरची यजमानीण. आरतीला सुरुवात झाली तेव्हा दार उघडलं आणि स्वप्नाली वहिनी वल्लरीचा हात धरून आत आली. हिरवी साडी, मान ताठ. मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी पडली. हॉल भरलेला आणि तिच्या बाजूला जागा, कळलं ना तुम्हाला?

संजीवनी ताई माझ्या कानाशी आली. "सगळे आहेत आज. तू फक्त नाव घे. बाकीचं मी बघते."

आणि गंमत बघा. आरती झाल्यावर हेमचंद्र सरच मोठ्याने म्हणाले, "अरे राम, तू मालवणकडचा ना? तुमच्यात ते गाऱ्हाणं की काय असतं, ते घाल की! पोरांना मजा येईल."

सरांना काहीच माहीत नव्हतं. बिचारे.

मी गणपतीपुढे उभा राहिलो. म्हटलं, "मी थांबलो की तुम्ही सगळ्यांनी 'होय महाराजा' म्हणायचं." हसले. एकाने विचारलं, "इंग्लिशमध्ये 'येस बॉस' चालेल?"

मग मी तुमच्यासारखा हात जोडून, डोळे मिटून, पोटातून आवाज काढला. "बा देवा गणपती म्हाराजा!"

हसू बंद झालं. "होय महाराजा!"

"आज ही तुझी सगळी लेकरां आपापलो गाव सोडून ह्या परमुलखात तुझ्या पायाशी इली आसत!"

"होय महाराजा!" आता छतावर आदळलं.

तुमचे शब्द आपोआप येत होते. मी पाठ केले नव्हते कधी, तुमच्या मागे उभं राहून अंगात गेलेत. कोणाच्या जहाजाची राखण, कोणाच्या नोकरीची, कोणाच्या पोरांच्या शाळेची. हॉल माझ्या मुठीत होता, बाबा. तुम्हाला दरवर्षी हे असं वाटतं का? मी जे म्हणेन त्याला ते होय म्हणणार होते. मी डोळे उघडले. कुमुद ताई समोर. हातातली प्रसादाची वाटी तिने टेबलावर ठेवली. तिला कळलं होतं, आता तिचं नाव येणार. मागे वहिनी, बाजूला रिकामी जागा.

नाव माझ्या जिभेवर होतं.

आणि मला मोहन काका दिसला. मास्तर दिसले. मी तुमच्या मागे उभा, वीस वर्षांचा, आणि सगळा गाव होय म्हणतोय.

मी म्हटलं, "ज्येच्या हाताक काम नाय, आणि रिकामो रवान ज्येचो हात कडू झालो आसात, त्येका काम दी आणि तो हात गोड करून घे, रे म्हाराजा!"

"होय महाराजा!"

"आणि ज्या बाईच्या दारावर वाकडी नजर गेली, तिच्या दाराची राखण तूच कर. तिचो घोव पाण्यावर आसा, त्येच्या मनात काळोख येवू नये, रे म्हाराजा!"

"होय महाराजा!" हे फार मोठं आलं. बायकांचं जास्त. संजीवनी ताईचं सगळ्यांत वर. विचार करून म्हटलं की नाही, देव जाणे.

सगळे थांबले. मग एकटीचा आवाज आला, उशिरा, कापरा. "होय महाराजा." लोकांना वाटलं, लय चुकली. दोघेतिघे हसले. कुमुद ताई तशीच उभी होती, टेबलाची कड धरून.

त्यानंतर ती द्रोण भरून मागे गेली आणि वहिनीच्या बाजूच्या रिकाम्या जागेत उभी राहिली. प्रसाद दिला आणि उभी राहिली. मग बाकीच्याही सरकल्या.

संजीवनी ताई मला माळा उतरवताना म्हणाली, "नाव घेतलं नाहीस तू."

"देवाला ठाऊक आहे ताई."

"पण मला नाही ना!"

तुम्हाला हे गाऱ्हाणं चुकीचं वाटलं असेल तर तसं कळवा. कसंही कळवा.

श्रीराम


रविवार, १८ सप्टेंबर

बाबा,

दादाचा निरोप आला. नेट लागल्यावर त्याला दोन्ही मिळालं, वहिनीचं पत्र आणि कोणीतरी धाडलेला तो फोटो. मला त्याने एकच ओळ लिहिली. मी ती उघडायच्या आधी अर्धा तास फोन पालथा घालून बसलो होतो. लिहिलं होतं, "सिंक परत तुंबला नाय मा?"

एवढंच. मी डॉर्मिटरीत एकटाच हसलो. मग रडलो, तेही सांगतो, तुमच्यापाशी काय लपवायचं.

सगळं बरं झालं असं नाही. डबे बंद ते बंदच. परवानगी मिळेल का ते संजीवनी ताई विचारतेय, पण आशा थोडी. आम्ही पोरं आता हॉकर सेंटरला भात खातो, सगळ्यात साखर घातल्यासारखी लागते. सरकारातून अजून कोणी आलेलं नाही, तरी दारावर बेल वाजली की वहिनी दचकते. ती बेल आता बहुतेक वेळा कुमुद ताईची असते. वल्लरीला गणित शिकवायला येते, पैसे घेत नाही. वहिनी मला म्हणाली, "भावजी, त्या दिवसांत सगळे लांब गेले, पण कुमुद ताईसारखी माणसं असतात म्हणून निभतं."

मी होय म्हटलं. दुसरं काय म्हणणार? कारल्याचं खरं नाव कायमचं खोडून टाकलंय मी. ग्रुपच्या दारावर अजून राखणीला बसतो. कारलं परत आलं नाही. दुसरा एक आलाय, 'भोपळा' नावाचा. असू दे.

आता तुमचं माझं.

काल आईला फोन केला. तिला म्हटलं, फोन स्पीकरवर कर, हातात धर, मी गाऱ्हाणं घालतो. आई म्हणाली, "खुळो झालंस काय रे?" पण तिने केलं. मी घातलं. मोठ्याने नव्हतं, डॉर्मिटरीच्या खोलीत पोरं होती. घराची राखण कर, आईच्या गुडघ्यांची कर, बाबांच्या खोकल्याची कर म्हटलं. आणि शेवटी, "जो झील गाव सोडून गेलो, त्येका परतीची वाट गावू दे, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा," आई म्हणाली.

तिच्याबरोबर आणखी एक आवाज होता. खालचा, जाड, देवळात घुमणारा.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग विचारलं, "आई, बाबा खंय?"

आई म्हणाली, "हे भायर गेलेत."

जत्रेला रजा मागितली आहे.

श्रीराम